बदली दिवा

फ्यूज उडालेला बल्ब घ्यायचा. त्याच्या पितळी टोपीतली काळी लाख हलक्या हाताने फोडायची, आतली तार आणि काचेची दांडी काढून टाकायची आणि रिकाम्या गोळ्यात पाणी भरायचे. झाले भिंग. मग घराची दारेखिडक्या बंद करायच्या. अंगणात एकाने आरसा धरून उन्हाचा झोत दाराच्या फटीतून आत सोडायचा, आत दुसऱ्याने फिल्मचा तुकडा उलटा धरायचा, पुढे पाण्याचा बल्ब, आणि समोर वडिलांचे धोतर. थिएटरच्या मागच्या उकिरड्यावर सापडलेल्या फिल्मच्या तुकड्यावर नायक असला तर नशीब, नाहीतर नुसतीच नामावली. साठ-सत्तरच्या दशकांत लहान गावात वाढलेल्या वाचकाला हा खेळ वेगळा सांगायला नको. गंमत अशी की जो बल्ब दिवा म्हणून मेला होता तोच भिंग म्हणून कामाला लागला होता, आणि दिव्याच्या जागी चक्क सूर्य आला होता. ढग आला की चित्रपट बंद.

चित्रपटाचा इतिहास आपण नटनट्यांचा, दिग्दर्शकांचा, फार तर कॅमेऱ्याचा म्हणून लिहितो. प्रोजेक्टरमधल्या दिव्याचा इतिहास कुणी लिहीत नाही. तो जळत असतो तेव्हा त्याच्याकडे पाठ करून बसायचे असते, आणि विझला तर सगळे थिएटर मागे वळून शिव्या देते. एवढाच त्याचा आणि प्रेक्षकांचा संबंध. मीही या दिव्याकडे वळून पाहिले ते तो विझल्यावरच. आमच्या तालुक्याच्या गावी पंधरा-वीस जणांचे एक चित्रपट मंडळ आहे. त्याच्याकडे एक जुना व्हिडिओ प्रोजेक्टर आहे. महिन्याला एक चित्रपट, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आसपासच्या तीन वाड्यांवर मुलांसाठी खेळ, एवढाच त्याचा व्याप. ऐन एप्रिलमध्ये त्याचा दिवा गेला. मूळ कंपनीच्या दिव्याची किंमत विचारली तेव्हा कळले, की तेवढ्या पैशात बाजारात असा आख्खा जुना प्रोजेक्टर मिळतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी केली, तेव्हा एका वयस्क कारागिराने दिवा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "ओरिजिनल घालायचाय, की बदली चालेल?"

'बदली' हा शब्द गिरणगावातला. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या सांच्यावर उभा राहणारा तो बदली. काम तेच, यंत्र तेच. हमी मात्र कसलीच नाही. प्रोजेक्टरच्या दिव्यांचा गेल्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास चाळला की असे वाटते, हा सगळा बदल्यांचाच इतिहास आहे. परवडणारा दिवा शोधायचा, तो महागाच्या जागी उभा करायचा, आणि त्याची हमी कुणीतरी स्वतःच्या अंगावर घ्यायची.

डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ च्या सुमारास जादूचा कंदील तयार केला, तेव्हा त्यातला दिवा साधा तेलाचा होता. काचेवर रंगवलेले चित्र, मागे ज्योत, पुढे भिंग. चित्र हवे तेवढे मोठे करता येई, पण मोठे केले की ते अंधूक होई; ज्योतीजवळ होता तेवढाच उजेड आता जास्त जागेवर पसरायचा. पडदा दुप्पट रुंद केला की उजेड चौथाईवर येतो, आणि हे गणित आजच्या यंत्रालाही चुकलेले नाही. त्यामुळे दीडशे वर्षे जादूचा कंदील ही एका खोलीत दहावीस माणसांनी बघायची गोष्ट राहिली.

ती सभागृहात आली चुन्यामुळे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या एकत्र ज्योतीत चुन्याचा खडा धरला तर तो वितळत नाही, पांढराशुभ्र तेजाळतो, हे १८२० च्या दशकात इंग्लंडमध्ये गोल्ड्सवर्दी गर्नी याने दाखवले. थॉमस ड्रमंड या लष्करी अभियंत्याने आयर्लंडच्या भूमापनात या दिव्याचा उपयोग केला आणि साठ मैलांहून दूरच्या डोंगरावरून तो दिसला. पुढे नाटकवाल्यांनी तो रंगभूमीवर नेला आणि कंदीलवाल्यांनी कंदिलात. मात्र त्याची बडदास्त मोठी होती. वायू रबरी कापडाच्या पिशव्यांत भरून आणायचे, त्यांवर फळ्या ठेवून फळ्यांवर वजने ठेवायची, म्हणजे दाब कायम राहतो. दोन्ही पिशव्यांवरचा दाब सारखा नसला तर एक वायू दुसऱ्याच्या पिशवीत शिरायचा आणि मग पुढचे सांगायलाच नको. चुन्याचा खडा हवेतली ओल खाऊन भुगा होई, म्हणून तो बंद डबीत ठेवायचा. ज्योतीने त्यात खळगा पडला की दर थोड्या वेळाने फिरवायचा. म्हणजे व्याख्यात्याबरोबर एक तरबेज माणूस केवळ दिव्यासाठी हवा.

शाळा, चर्च, खेडोपाडीचे व्याख्याते यांना हे झेपणारे नव्हते. त्यांच्यासाठी अमेरिकेत लोरेन्झो मार्सी याने 'सायऑप्टिकॉन' नावाचा कंदील काढला. त्यात रॉकेलचा दिवा होता आणि युक्ती एवढीच, की दोन रुंद चपट्या वाती भिंगासमोर आडव्या न ठेवता उभ्या, एकामागे एक खोल जातील अशा लावल्या होत्या. भिंगाला त्यामुळे ज्योतीची रुंदी दिसत नसे, खोली दिसे. कमी जागेतून जास्त उजेड मिळे. चुन्याच्या दिव्याची बरोबरी त्याला येत नव्हती. पण तो कुणालाही पेटवता येत असे आणि त्याचे तेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असे. कमी जागेतून जास्त उजेड, हे सूत्र वाचकांनी लक्षात ठेवावे. शेवटी आमच्या प्रोजेक्टरचे घोडे नेमके तिथेच अडले.

महाराष्ट्रात हा कंदील घरचा करून घेतला तो कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी. १८९२ पासून त्यांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने त्याचे खेळ सुरू केले. शंबर हा मायावी असुर, त्याची ती शांबरिक, आणि खरोलिका म्हणजे कंदील; इंग्रजी नावाचे इतके चोख मराठी आज कुणाला सुचेल असे वाटत नाही. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली रामायण-महाभारतातली पात्रे, जोडीला संवाद आणि गाणी. पटवर्धन आणि त्यांचे मुलगे हे खेळ घेऊन गावोगाव फिरले. चित्रपट यायच्या आधी चार वर्षे इथला प्रेक्षक अंधारात बसून उजेडाचे चित्र बघायला शिकला होता, ही गोष्ट आपल्या चित्रपटेतिहासात दोन ओळींत उरकली जाते.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या वतीने मारियुस सेस्तिए याने चलच्चित्रे दाखवली. दर एक रुपया. पुढच्या आठवड्यात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. ही कथा सर्वांना माहीत आहे. तिच्यातली एक बारीक गोष्ट अशी, की मुंबईत घरोघर वीज पुरवणारी कंपनी १९०५ साली आली. तोवर चलच्चित्र दाखवणाऱ्याला दोनच वाटा होत्या: स्वतःचा डायनॅमो लावायचा किंवा वायूंची नळकांडी वाहायची. फिरत्या खेळवाल्याला दुसरी वाट स्वस्त पडे. त्यातही हायड्रोजन वगळता आला तर आणखी स्वस्त. म्हणून एक बदली निघाला होता: इथर. इथर हा अत्यंत उडून जाणारा द्रव. त्याने भिजलेल्या पदार्थातून नुसता ऑक्सिजन सोडला की त्याची वाफ बरोबर येते आणि हायड्रोजनचे काम करते. एक नळकांडे कमी, ओझे निम्मे.

४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये झाँ-गुजाँ रस्त्यावर उमरावांच्या स्त्रियांनी भरवलेला वार्षिक धर्मादाय बाजार होता. लाकडी मांडव, त्यात रंगवलेल्या पडद्यांची मध्ययुगीन गल्ली उभी केलेली, वर कापडी छत. एका कोपऱ्यात चलच्चित्रांचा खेळ. त्याचा दिवा इथरवरचा होता. दुपारी दिव्यातले इथर संपले. ते पुन्हा भरताना आतल्या अंधारात दिसेना, म्हणून मदतनिसाने काडी ओढली. हवेत पसरलेली वाफ पेटली आणि काही मिनिटांत सगळा मांडव जळाला. सव्वाशेच्या आसपास माणसे गेली, त्यात बहुतेक स्त्रिया. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची बहीण आलाँसोंची डचेस त्यात होती. तिची ओळख तिच्या दातांवरून पटवावी लागली. चित्रपट जन्मून दोन वर्षेही झाली नव्हती, आणि ही करमणूक पुढे चालू द्यावी की नाही असा प्रश्न युरोपात उभा राहिला.

या आगीचे वर्णन वाचताना मला नेहमी त्या काडीपेक्षा दिव्याचा विचार येतो. काडी ओढणाऱ्याचा निष्काळजीपणा उघडच आहे. पण अंधाऱ्या कोंदट कोपऱ्यात, बाहेर गर्दी खोळंबलेली असताना, खेळाच्या मध्येच भरावा लागणारा दिवा तिथे आला कसा? तो आला स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून. बदली दिव्याने खर्च वाचवला आणि धोका यंत्रामागे उभ्या राहिलेल्या माणसाकडे सरकवला. पुढे ठिकठिकाणी प्रोजेक्टरची खोली वेगळी, आगीला दाद न देणारी असावी असे नियम झाले. आपल्याकडच्या १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात चित्रपटांना प्रमाणपत्र देण्याइतकीच जागेचा परवाना आणि प्रेक्षकांची सुरक्षितता यांना जागा आहे. आपण त्या कायद्यातली सेन्सॉरची कात्रीच तेवढी लक्षात ठेवली.

मधल्या काळातले इतर बदली थोडक्यात सांगतो. कार्बाईडवर पाणी टाकून निघणारा ॲसिटिलीन वायू. जत्रेतल्या मिठाईच्या दुकानावर जो फुसफुसत जळायचा तोच. आणि १९१२ साली पाथे कंपनीने घरगुती वापरासाठी काढलेला 'कोक' हा प्रोजेक्टर. त्यात हाताने दांडा फिरवला की फिल्म सरके आणि त्याच दांड्यावर छोटा डायनॅमो फिरून दिवा लागे. हात थांबला की फिल्म थांबे, पण दिवाही विझे, त्यामुळे फिल्म करपण्याची भीतीच नाही. इतकी शहाणी जोडणी नंतरच्या महागड्या यंत्रांत क्वचितच दिसते.

पण चित्रपटाचा खरा दिवा म्हणजे कार्बनचा. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हम्फ्री डेव्ही याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची कमान पेटवून दाखवली. शंभर वर्षांनी तीच कमान जगभरच्या थिएटरांच्या लोखंडी पेटीत जळू लागली आणि पुढची साठ-सत्तर वर्षे जळत राहिली. दोन कांड्या टोकाला टोक लावायच्या, वीज सोडायची आणि हळूच अंतर द्यायचे. धन कांडीच्या टोकाला खळगा पडतो आणि तिथून डोळे दिपवणारा उजेड निघतो. बहुतेक प्रकाश त्या खळग्याचाच असतो. धन कांडी ऋण कांडीपेक्षा साधारण दुप्पट वेगाने जळते, म्हणून ती जाड असते. मागे लंबगोल आरसा. त्याच्या एका केंद्रावर खळगा आणि दुसऱ्या केंद्रावर फिल्मची चौकट. खळगा पाव इंच पुढेमागे झाला की पडद्याचा रंग निळसर किंवा तांबूस होतो. म्हणून ऑपरेटरची एक नजर काळ्या काचेच्या खिडकीवर. काही ठिकाणी पेटीच्या बारीक छिद्रातून कांड्यांचे प्रतिबिंब समोरच्या भिंतीवर पाडलेले असे आणि भिंतीवर दोन रेघा मारलेल्या असत. प्रतिबिंब रेघांच्या आत असले की पडद्यावर उजेड ठीक.

तंबू टॉकीजच्या काळात ही सगळी सर्कस ट्रकमध्ये घालून जत्रेजत्रेला न्यायची असे. पुसेगाव, म्हसवड, पाल, जेजुरी. जिथे देव तिथे तंबू. वीज स्वतःच्या जनरेटरची. कमानीला एकदिश प्रवाह लागतो, तोही चाळीस-पन्नास व्होल्टला तीस ते साठ अँपिअर, म्हणून सोबत रेक्टिफायर. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटे चालते. एकच प्रोजेक्टर असला तर प्रत्येक रिळानंतर थांबायचे, आणि त्या वेळात कांड्याही पुढे सारायच्या. कांडी जळत जळत दोन-तीन इंच उरली की पकडीत बसत नाही. मोठ्या थिएटरात ती टाकून देत. तंबूवाला टाकत नसे. उरलेल्या तुकड्यांना पुढे जोडून धरणारी खास पकड मिळे. तिच्यात थोटके बसवून ती पार शेवटपर्यंत जाळायची. त्या जोडाजवळ कमान आली की उजेड लचकायचा. प्रेक्षकांना वाटायचे, पिक्चरमध्ये वीज चमकली.

कांड्यांवर तांब्याचा पातळ थर असे. त्याचे थेंब उडून आरशावर बसत आणि आरशाला देवी आल्यासारखे खड्डे पडत. धूर वरच्या नळकांड्यातून बाहेर जाई. सगळा जात नसे, उरलेला ऑपरेटरच्या छातीत जाई. प्रखर उजेडात हवेतूनच निर्माण होणारे तिखट वायू, गर्भात घातलेल्या धातूंच्या क्षारांची वाफ, हे त्याचे रोजचे वातावरण. जर्मनीत हाइनरिश बेक याने पहिल्या महायुद्धाच्या आसपास कांडीच्या गर्भात असे दुर्मीळ धातूंचे क्षार घालून तिचा उजेड कितीतरी वाढवला. त्यामुळे पडदे मोठे झाले. पडद्यांचे कौतुक झाले, धुराचे कुणी मोजमाप केले नाही.

१९५० च्या दशकात जर्मनीतल्या ओसराम कंपनीचा झेनॉन दिवा आला. क्वार्ट्झच्या फुग्यात दाबाखाली भरलेला झेनॉन वायू, आत टंगस्टनची दोन टोके. धूर नाही, कांड्या सारायच्या नाहीत. खळग्याची राखण करणारा माणूस एका फटक्यात बिनकामाचा झाला. त्याला आता बटण दाबायचे होते. आपल्याकडे अनेक थिएटरांनी नवी यंत्रे न घेता जुन्याच कार्बनच्या पेटीत फेरफार करून झेनॉन बसवला. म्हणजे इथेही बदलीच, फक्त या वेळी बदली कायम कामगारापेक्षा तरबेज निघाला. मात्र हा दिवा थंड असतानाही आत वातावरणाच्या कित्येक पट दाब असतो. तो बदलताना तोंडावर जाळी आणि हातात जाड मोजे घालावेत असे पुस्तकात लिहिलेले असते. तसे घालणारा ऑपरेटर मी पाहिलेला नाही.

फिल्म सोसायट्यांचे जग वेगळे होते. तिथे सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि साधा तारेचा दिवा. १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला, १९६४ मध्ये पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ. संग्रहालयातून डब्यांत भरून आलेली प्रिंट शाळेच्या वर्गात, बँकेच्या सभागृहात लागायची. तारेच्या दिव्याची एक सवलत अशी, की त्याला दहा टक्के कमी व्होल्टेज दिले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, पण आयुष्य तिपटी-चौपटीने वाढते. काटकसरी चिटणिसांना हे अनुभवाने ठाऊक असे. त्या पिढीने बर्गमन आणि कुरोसावा जरा तांबूस, जरा अंधारात बघितला याचे एक कारण हेही आहे.

व्हिडिओच्या पहिल्या मोठ्या प्रोजेक्टरांत बदलण्याजोगा दिवाच नव्हता. लाल, हिरवी, निळी अशा तीन चित्रनळ्या, त्यांच्यावर उमटलेले चित्र हाच दिवा. म्हणून ते चित्र मंद असे. अगदी काळोख केला तरच दिसे. मालेगावात नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला तो व्हिडिओवर, आणि तो चालला तिथल्याच व्हिडिओ थिएटरांत. तंबू टॉकीजवाल्यांचेही कार्बन जाऊन संगणक कसे आले, हे शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या २०१६ च्या माहितीपटात दिसते. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवर इतके आस्थेने दुसरे काम झालेले नाही.

१९८९ च्या सुमारास द्रवस्फटिकाच्या पट्ट्या वापरणारे प्रोजेक्टर बाजारात आले आणि दिवा पुन्हा वेगळा झाला. पट्टी जेमतेम पाऊण इंचाची. इतक्या लहान खिडकीतून भिंतभर उजेड काढायचा तर तो अगदी बिंदूतून निघाला पाहिजे. १९९५ मध्ये फिलिप्स कंपनीने यासाठी एक दिवा काढला, आणि पुढची वीस वर्षे शाळा, कचेऱ्या, लग्नाची कार्यालये यांतल्या बहुतेक सगळ्या प्रोजेक्टरांत त्याचीच भावंडे जळली. हरभऱ्याएवढा क्वार्ट्झचा फुगा, त्यात थोडासा पारा. दिवा तापला की पाऱ्याची वाफ होऊन आतला दाब दोनशे वातावरणांवर जातो; समुद्रात दोन किलोमीटर खोल गेल्यावर असतो तेवढा. विजेची कमान लांबीने एक-सव्वा मिलिमीटर. टंगस्टनची झीज फुग्यावर बसून तो काळवंडू नये म्हणून आत ब्रोमीनचा अंश असतो. तो झिजलेला धातू उचलून पुन्हा टोकावर नेऊन ठेवतो. एवढे सगळे असलेल्या वस्तूची किंमत जास्त का, याचे उत्तर अंशतः त्यातच आहे. उरलेले उत्तर, दिवा प्लॅस्टिकच्या विशिष्ट खोक्यात बसवलेला असतो आणि ते खोके दुसऱ्या कुठल्याच यंत्रात बसत नाही, हे आहे.

कारागिराने आम्हाला दोन बदली सांगितले. पहिला, बाजारात स्वस्त मिळणारा शंभर वॅटचा एलईडी. मंडळातल्या तरुण सभासदांचा कल तिकडे होता, कारण तो आयुष्यभर जात नाही असे सगळ्यांनी ऐकले होते. कारागीर म्हणाला, करून बघा, माझे काही म्हणणे नाही. आधी तर यंत्र सुरूच होईना. मूळ दिवा पेटला की त्याला वीज देणारे मंडल मुख्य मंडलाला 'पेटला' असा निरोप पाठवते. तो आला नाही तर यंत्र मिनिटभरात स्वतःला बंद करते. त्याला खोटा निरोप द्यायची तार जोडावी लागली. मग चित्र आले, आणि ते पाहून कुणी काही बोलेना. पांढऱ्या भिंतीवर चांदण्यात दिसावे इतपत.

उजेड कमी नव्हता, पसरट होता. एलईडीचा चौकोन होता तीस मिलिमीटरचा. त्याच्या जागेवर होती सव्वा मिलिमीटरची कमान. भिंगाने कागद जाळायचा तर ऊन लागते, ट्यूबलाईटखाली कितीही मोठे भिंग धरले तरी कागद जळत नाही, हे प्रत्येक मुलाला माहीत असते. मोठ्या पृष्ठभागावरून चहूकडे निघालेला प्रकाश कितीही आरसे-भिंगे लावली तरी लहान खिडकीतून लहान कोनात कोंबता येत नाही. भिंगांच्या दुकानात हा नियम बदलून मिळत नाही. मार्सीने रॉकेलच्या वाती उभ्या का लावल्या, ते मला त्या संध्याकाळी कळले.

दुसरा बदली म्हणजे नुसता फुगा. मूळ परावर्तक ठेवायचा, त्यातला जळालेला फुगा काढून त्या जातीचा नवा बसवायचा. खोक्याचे आणि काचेचे पैसे वाचतात. किंमत मूळ दिव्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. अवघड काम एकच. कमान परावर्तकाच्या केंद्रावर यायला हवी, आणि कमानच मिलिमीटरभर असल्यामुळे मिलिमीटरभर चुकूनही चालत नाही. कारागिराने जुना फुगा काढण्याआधी तो परावर्तकाच्या कडेपासून किती आत आहे हे व्हर्निअरने तीन बाजूंनी मोजले, आकडे पेन्सिलीने टेबलावरच लिहिले, आणि मगच भट्टीच्या सिमेंटचा जुना जोड कोरायला घेतला. नवा फुगा तो रुमालात धरून हाताळत होता, कारण बोटाचा तेलकट ठसा क्वार्ट्झवर राहिला तर तिथेच तो तापून तडकतो. त्याने दोन गोष्टी बजावल्या: पेटीचे झाकण उघडे ठेवून दिवा कधी लावायचा नाही, आणि कधी फट्कन आवाज झाला तर आधी मुलांना बाहेर काढायचे, खिडक्या उघडायच्या, पाऱ्याची वाफ जाईपर्यंत अर्धा तास आत जायचे नाही. ही दुसरी सूचना त्याने, न विचारता, पावतीच्या मागे लिहूनही दिली. कंपनीच्या खोक्यावर ती बारीक अक्षरात, सात भाषांत असते; त्यांत मराठी नसते.

आता मंडळात वाद झाला. खेळ लहान मुलांसमोर होणार, वाड्यांवरच्या शाळांच्या खोल्यांत. मूळ दिवाही फुटू शकतो, तो मूळ आहे म्हणून त्यातला दाब कमी होत नाही. पण त्याचा जोड कारखान्यात झालेला असतो आणि हा एका म्हाताऱ्या माणसाने डोळ्याला भिंग लावून केलेला. दोन सभासदांनी स्पष्ट विरोध केला. शेवटी ठरले ते असे: प्रोजेक्टर खोलीत ठेवायचा नाही, खिडकीच्या बाहेर ओट्यावर ठेवायचा आणि झोत खिडकीतून आत सोडायचा. प्रोजेक्टरपाशी मोठ्या माणसाने बसायचे. १८९७ नंतर युरोपने जी भिंत घातली, तीच आम्ही शाळेच्या भिंतीच्या रूपाने उसनी घेतली म्हणायची.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला खेळ झाला. चित्रपट 'संत तुकाराम', दामले-फत्तेलालांचा, १९३६ चा. याच मुलांच्या पणज्यांनी तो तंबूत बघितलेला असणार. मी बाहेर ओट्यावर यंत्राशेजारी बसलो होतो आणि खिडकीतून पडदा बघत होतो. मध्यभागी चित्र लख्ख होते. वरचा उजवा कोपरा काळसर. म्हणजे फुगा कुठेतरी केसभर कलला आहे. कृष्णधवल चित्रात ते जास्तच जाणवते. मुलांना त्याचे काही नव्हते. शेवटी तुकोबांचे विमान वर चढू लागले तेव्हा पुढे बसलेली दोन-तीन लहानगी उठून पडद्यापाशी गेली आणि त्यांच्या सावल्या विमानावर पडल्या, मागून कुणी तरी ओरडले, "ए, खाली बसा!"

यंत्रात दिव्याच्या तासांची मोजणी असते. नवा दिवा घातला की ती शून्यावर आणायची असते. कारागिराने ती शून्यावर आणून दिली होती. मी मंडळाच्या वहीत मात्र जुना आकडा लिहून ठेवला, त्याखाली तारीख, आणि त्यापुढे 'बदली'. परवा मोजले तेव्हा एकशे बारा तास झाले होते. कोपरा अजून काळाच आहे.